उपग्रहचित्राची साक्ष

यावल तालुक्यातल्या सातपुड्यात १९६९ साली अभयारण्य घोषित झाले. वनहक्क कायद्यानुसार (२००६) आदिवासींचा दावा तपासताना कळीचा प्रश्न असतो: १३ डिसेंबर २००५ पूर्वी जमीन त्यांच्या ताब्यात होती का?

उपग्रहचित्र साक्षीला येते. पण लिस-३ संवेदकाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा २३.५ मीटर बाजूचा चौरस. अर्ध्या एकराचे शेत जेमतेम चार ठिपक्यांत संपते! शिवाय पानगळीच्या जंगलात हिरवा रंग महिन्यानुसार बदलतो. म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांनी अशी चित्रे पूरक पुरावा मानली, इतर पुराव्यांना पर्याय नव्हे.

आमचा आक्षेप चित्राला नाही. ‘नवे आले, जुने निकामी’ या समजुतीला आहे. येथे २००५ चेच चित्र मोलाचे. माहिती टिपणे ही केवळ सुरुवात; ती तपासणे, दुरुस्त करणे, जपणे आणि ग्रामसभेला दाखवणे हीही शासनाचीच जबाबदारी. तारीख, संवेदक व अचूकता यांची नोंद नसलेले चित्र म्हणजे नुसता रंगीत कागद.

शिक्षकांनी वर्गातला नकाशा उतरवावा आणि विचारावे: हा कोणत्या साली पाहून काढला?