रिकाम्या रकान्याचे दोन अर्थ: पोस्टग्रेसमधील डीफॉल्ट अधिकार

सरावासाठी पोस्टग्रेसमध्ये ‘घाट’ नावाचे टेबल तयार करा. वाराणसीचा, अमृतराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेला राजा घाट ही त्यातली पहिली नोंद असू द्या. मग ते टेबल वाचणारे एक फंक्शन लिहा. कोणालाही काही ग्रँट करू नका. आता पीएसक्यूएलमध्ये टेबलसाठी ‘\डीपी’ आणि फंक्शनसाठी ‘\डीएफ+’ ही आज्ञा द्या. दोन्हीकडे अधिकारांचा रकाना रिकामा दिसेल.

टेबलच्या बाबतीत याचा अर्थ असा की मालकाशिवाय (आणि सुपरयूजरशिवाय) ते कोणालाच वाचता येत नाही. फंक्शनच्या बाबतीत अर्थ उलटा आहे. तिथे पब्लिकला, म्हणजे प्रत्येक रोलला, एक्झिक्यूटचा अधिकार असतो! फंक्शन ‘सिक्युरिटी डिफायनर’ असेल तर ते मालकाच्या अधिकाराने चालते. म्हणजे टेबल बंद ठेवूनही, स्कीमा वापरता येणाऱ्या कोणालाही त्यातला डेटा मिळू शकतो. पडद्यावर मात्र सारे बंद असल्यासारखेच दिसते.

याचे कारण साधे आहे. पहिली ग्रँट किंवा रिव्होक होईपर्यंत कॅटलॉगमध्ये अधिकारांची यादी साठवलीच जात नाही; तिथे नल असतो. हे टूल साठवलेले तेवढेच दाखवते, लागू असलेले नाही. माझा आक्षेप इथे आहे, कारण डीफॉल्ट काढून देणारे ‘एसीएलडीफॉल्ट’ हे फंक्शन सर्व्हरमध्येच आहे. ‘इन्फर्मेशन स्कीमा’मधील ‘रूटीन_प्रिव्हिलेजेस’ ही व्ह्यू तेच वापरते आणि पब्लिकचे नाव स्पष्ट छापते.

पूर्वी सर्व अधिकार काढून घेतले तरी रकाना असाच रिकामा दिसे. 2024 मधील आवृत्ती 17 पासून तिथे ‘(नन)’ असे दिसते. सुधारणा चांगली, पण अर्धीच. डीफॉल्ट अजून रिकामेच छापले जाते.

‘\डीडीपी’ या आज्ञेचे नावच फसवे आहे. ती डीफॉल्ट अधिकार दाखवत नाही, तर ‘अल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ने त्यांत केलेले बदल दाखवते. पीजीअ‍ॅडमिनमधील ‘डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ टॅबचेही तेच. शिवाय ‘\डीडीपी’तला ‘ओनर’ रकाना नीट वाचा: नियम त्या रोलने पुढे तयार केलेल्या वस्तूंनाच लागतो, त्याच्या सहकाऱ्याने केलेल्यांना नाही.

सर्वांत वाईट प्रकार ‘इन स्कीमा’ लावून पब्लिककडून फंक्शनचे एक्झिक्यूट काढण्याचा. स्कीमापुरते नियम मूळ डीफॉल्टमध्ये भर घालतात, त्यातून वजा करू शकत नाहीत. आज्ञा बिनतक्रार पूर्ण होते, ‘\डीडीपी’त काहीच उमटत नाही आणि पुढचे प्रत्येक फंक्शन पब्लिकला उघडेच राहते. ‘इन स्कीमा’ गाळा, मग रिव्होक लागू होते. पण तेही नव्या फंक्शनांनाच. आधीच्यांसाठी वेगळे रिव्होक द्यावे लागते. त्यानंतर साध्या रोलचे नाव देऊन ‘हॅज_फंक्शन_प्रिव्हिलेज’ चालवा आणि उत्तर ‘एफ’ येते का ते पाहा.