‘पिकाची गरज’ : एका संज्ञेची चिकित्सा

खडकवासल्याहून निघणाऱ्या मुठेच्या डाव्या कालव्याच्या काठी वारजे हे गाव वसलेले होते. १९९७ मध्ये ते पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. कालव्यावरील बागाइतदाराचा शब्द ‘पाळी’ हा होय. पाळी दिवसांनी मोजावयाची. अभियंत्याचा शब्द ‘पिकाची पाण्याची गरज’ असा असून ती मिलिमीटरांत मोजावयाची. ह्या दुसऱ्या संज्ञेतील षष्ठी विभक्ती तपासण्याजोगी आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीप्रमाणे प्रथम संदर्भ-बाष्पोत्सर्जन काढतात. ऊन, वारा, तापमान व आर्द्रता ह्यांवरून, १२ सेंटिमीटर उंचीच्या कल्पित गवतातून किती पाणी उडून जाईल, ह्याचे ते गणित असते. येथे शेतातील पिकाचा संबंधच नाही; मागणी आहे ती हवेची. त्या संख्येस पिकाच्या गुणांकाने गुणिले म्हणजे पिकाचा वापर मिळतो. भर वाढीतील उसाचा गुणांक सुमारे १.२५ धरतात.

समजा, संदर्भ-बाष्पोत्सर्जन दिवसास ४ मिलिमीटर आहे व पाऊस नाही. उसाचा वापर ५ मिलिमीटर होईल. दहा दिवसांच्या पाळीस ५० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ५०० घनमीटर. परंतु कालव्याच्या मुखापासून पिकाच्या मुळापर्यंतची कार्यक्षमता ४० टक्के असल्यास मुखाशी १,२५० घनमीटर सोडावे लागतात. ह्या तिन्ही राशींना व्यवहारात ‘गरज’च म्हटले, तर मधले ७५० घनमीटर पिकाच्या नावे खर्ची पडतात. वस्तुतः ते चाऱ्यांतून झिरपलेले वा शेतात वाया गेलेले असतात; त्यांतील काही विहिरींत पुन्हा उतरतात, हेही विसरता कामा नये.

ह्यावरून ऊस निर्दोष ठरतो असे मात्र नव्हे. त्याचा गुणांक मोठा आहे आणि तो वर्षभर शेतात उभा असतो. तेवढा भार निश्चितपणे त्याचाच होय. तथापि खडकवासल्याच्या पाण्यावर शहर व शेती ह्या दोहोंचा हक्क सांगितला जात असता, कोणाची कपात करावयाची हा प्रश्न शब्दाच्या संदिग्धतेवर सोडणे अन्यायाचे आहे. चारीची दुरुस्ती करावयाची की पीक बदलावयाचे, हे दोन उपाय भिन्न असून त्यांचे उत्तरदायी पक्षही भिन्न आहेत.

म्हणून ‘हवेची मागणी’, ‘पिकाचा वापर’ व ‘कालव्यातून सोडावयाचे पाणी’ अशा तीन स्वतंत्र संज्ञा रूढ कराव्यात. गणितात ह्या पायऱ्या पूर्वीपासूनच वेगळ्या आहेत. भाषेने त्या एकत्र कालविण्याचे कारण नाही.