'फेर' आणि 'करणे'

फ्रेंच भाषेतील 'फेर' या क्रियापदाचा अर्थ मुंबईच्या मराठी विद्यार्थ्यास बहुधा इंग्रजीच्या द्वारे सांगितला जातो : प्रथम 'डू', मग 'मेक', आणि शेवटी दोहोंतही न बसणाऱ्या प्रयोगांची पाठ करावयाची यादी. ही पद्धती मुळातच सदोष होय. जो भेद फ्रेंचमध्ये नाही आणि मराठीतही नाही, तो तिसऱ्या भाषेतून आणून विद्यार्थ्याच्या माथी मारला जातो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'फेर'चे नाते संस्कृत 'कृ'शी नसून 'धा' धातूशी आहे हे खरे. परंतु व्यवहारात त्याचा खरा सोयरा 'करणे' हाच.

गिरगावच्या चाळीत 'ती चार घरची धुणीभांडी करते' असे म्हटले की त्या स्त्रीचा चरितार्थ सांगून होतो. फ्रेंचमध्ये 'फेर ल मेनाझ' म्हणजे स्वतःच्या घराची झाडलोट करणे. त्याच नामाचे अनेकवचन करून 'फेर दे मेनाझ' म्हटले की लोकांच्या घरची कामे करून पोट भरणे. मराठीत जे 'चार घरची' या शब्दांनी साधते, ते तेथे केवळ वचनाने साधते. 'फेर ल मार्शे' तर अक्षरशः 'बाजार करणे'. 'फेर ग्रेव्ह' म्हणजे संप करणे. १८ जानेवारी १९८२ रोजी लालबाग-परळच्या गिरण्यांत जो सुरू झाला, त्यास फ्रेंचमध्येही 'करणे' हेच क्रियापद लागते. यातील 'ग्रेव्ह' हे पॅरिसमधील सीन नदीकाठच्या एका चौकाचे जुने नाव. बेकार मजूर तेथे कामाच्या प्रतीक्षेत उभे राहत, आणि 'ग्रेव्ह करणे' याचा जुना अर्थ तेवढाच होता. मुंबईचा नाका कामगार आजही तेच करतो.

अर्थात 'करणे' सर्वत्र तारत नाही. 'फेर ला तेत', शब्दशः 'डोके करणे', याचा अर्थ तोंड फुगवून बसणे. मराठीतील 'तोंड करणे' त्याच्या अगदी उलट. रुसलेला मुका असतो, तोंड करणारा नव्हे. 'इल फे फ्रुआ' (थंडी आहे) या वाक्यातील 'इल', म्हणजे 'तो', कोणीच नसतो. 'उकडते', 'उजाडले' ही भावकर्तृक क्रियापदे जाणणाऱ्यास हे नवल वाटू नये.

खरी अडचण प्रयोजक रचनेत येते. 'फेर'ला दुसरे क्रियापद जोडले की मुलाला रडवले, घड्याळ दुरुस्त करून घेतले, कारकुनास पत्र लिहावयास लावले, हे सारे एकाच साच्यात बसते. मराठी येथे अधिक चोखंदळ आहे. मुकादमाने कामगारांकडून काम करून घेतले, की त्यांना काम करावयास लावले? परळमध्ये हा भेद किरकोळ मानला जाणार नाही. फ्रेंच वाक्य मात्र दोन्हींस एकच. अनुवादकास संदर्भ पाहून एक बाजू घ्यावीच लागते, आणि तेथे शब्दकोश त्याच्या कामी येत नाही.