अर्धदेवदूताचा स्पर्श

गेल्या सत्रात दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक विद्यार्थी एक विलक्षण प्रश्न घेऊन माझ्याकडे आला. "सर, माझा आसिमार कातडी कमावणाऱ्या बाईच्या पोटी जन्मला असं मी लिहिलं, तर बाकीचे म्हणतात, शोभत नाही. का शोभत नाही, तुम्हीच सांगा." आसिमार म्हणजे कोण, हेच मला ठाऊक नव्हते. ते समजून घेण्यासाठी मी त्याच्याकडून नियमांची पुस्तके मागून घेतली आणि सुटीभर वाचत बसलो. हे टिपण त्या वाचनातून झाले आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. सोंगट्या सरकवून कोणाला तरी हरवायचे, असा हा खेळ नाही. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि जग, प्रसंग, संकटे उभी करतो. बाकीचे आपापले पात्र घेऊन त्या जगात उतरतात, त्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि साधेल की फसेल याचा निर्णय वीस बाजूंचा फासा देतो. म्हणजे हे पदरचे संवाद घालून केलेले, प्रेक्षक नसलेले नाटकच. मात्र नाटक सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या पात्राचा जन्म निवडायचा असतो. तू मानव, बुटका, एल्फ, ऑर्क की आणखी कोणी? या यादीत आसिमार आहे. त्याच्यात स्वर्गीय अंश आहे. रक्तात किंवा आत्म्यात देवदूत उतरला आहे.

आपले काही कार्यकर्ते मित्र विचारतील, पोरांच्या खेळावर आपण पाने का खर्च करावीत? माझे उत्तर साधे आहे. ज्या ग्रंथात कोणी कोणत्या कुळात जन्मल्यावर काय करू शकतो हे कलमवार लिहिलेले असते, तो ग्रंथ मनोरंजनाचा आहे म्हणून आपण वाचायचे सोडून द्यावे, असे आपल्या इतिहासाने आपल्याला शिकवलेले नाही. पुराणेही रात्री मनोरंजनासाठीच सांगितली जात.

आता या अर्धदेवदूताला जन्माने काय मिळते ते पाहू. २०२४ च्या खेळाडू-पुस्तिकेनुसार तो अंधारात पाहू शकतो, मनात आणेल तेव्हा उजेड पाडू शकतो आणि काही अनिष्ट शक्तींचा मारा त्याला निम्माच बाधतो. तिसऱ्या पायरीवर पोचल्यावर त्याला मिनिटभरासाठी पंख फुटू शकतात. परंतु मी थांबलो ते एका वेगळ्या गुणावर. त्याच्या हाताच्या स्पर्शाने जखमी माणूस बरा होतो. हे तो कोणाकडून शिकलेला नाही. वैद्यकी नाही, तप नाही, सेवा नाही. हात तसा आहे, कारण जन्म तसा आहे.

अमेरिकन वाचकाला या कलमात काही खटकणार नाही. त्याला त्यात करुणा दिसेल. मला मात्र त्या ओळीपाशी माझी आजी आठवली. तिच्या हातचे पाणी गावात चालत नसे, आणि तो हातही तिने कोठे जाऊन शिकून आणलेला नव्हता. जन्माने बरा करणारा हात आणि जन्माने बाटवणारा हात या दोन वेगळ्या कल्पना आहेत, असे मला वाटेनासे झाले आहे. पावित्र्य रक्तातून वाहते हे एकदा मान्य केले की अपावित्र्यही रक्तातूनच वाहणार. एका कल्पनेला दुसरीवाचून उभे राहता येत नाही.

हा माझा तर्क आहे असे कोणी म्हणेल म्हणून खेळाचाच पुरावा देतो. आसिमार एकटा जन्मला नाही. त्याच्या आधी टीफलिंग आला. टीफलिंग म्हणजे नरकाच्या रक्ताचा माणूस. शिंगे, शेपूट आणि पूर्वजांच्या पापाचा डाग घेऊन आलेला. तो १९९४ साली 'प्लेनस्केप' या जगाबरोबर खेळात आला आणि एकदोन वर्षांत त्याच जगाच्या पुढच्या ग्रंथांतून आसिमार. २०१४ च्या सूत्रधार-पुस्तिकेत तर नवा वंश कसा घडवावा याचा नमुना म्हणून आसिमारच करून दाखवला आहे, आणि तोही टीफलिंगला समोर ठेवून, त्याची उलटी बाजू म्हणून. त्याच वर्षीच्या खेळाडू-पुस्तिकेतले टीफलिंगचे वर्णन वाचावे. लोक त्याच्याकडे रोखून पाहतात, मागे कुजबुजतात, त्याच्यावर विश्वास टाकत नाहीत. तो शहरांत राहतो, पण बहुधा शहराच्या वाईट वस्तीत. आपल्या वाचकाला हा पत्ता ओळखीचा वाटेल. पूर्वजांनी केलेल्या कराराची शिक्षा नातवाच्या कपाळावर उगवते आणि त्याच ग्रंथमालेत दुसऱ्या कोणाच्या नातवाच्या हातात अमृत येते.

कल्पनेची ही श्रेणी या खेळात आकड्यांतही उतरते, आणि येथे तो आपल्याकडच्या व्यवहारापेक्षा प्रामाणिक आहे. प्रत्येक पात्राला बळ, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाची छाप असे सहा गुण असतात. सामान्य माणसाचा गुणांक दहाच्या आसपास. दोन गुणांचा फरक म्हणजे फाशावर एकाचा फरक, म्हणजे विसात एक संधी, पाच टक्के. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत अर्ध-ऑर्काला बळात दोन जास्त, पण बुद्धीत दोन कमी आणि छाप पाडण्यात दोन कमी. पुढच्याच वर्षीच्या एका ग्रंथात आसिमारला शहाणपणात दोन जास्त, छाप पाडण्यात दोन जास्त, वजा काहीच नाही. २०१६ च्या 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स' या पुस्तकात हे दोघे एकाच बांधणीत शेजारी आले: आसिमारला छाप पाडण्यात दोन अधिक, ऑर्काच्या बुद्धीतून दोन वजा. ऑर्क जन्मतःच पाच टक्के मूर्ख, असे छापील अक्षरात. आपल्याकडे ही वजाबाकी कोणी छापत नाही. ती मुलाखतीच्या टेबलावर होते आणि तिला 'गुणवत्ता' असे नाव असते. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. ती वजाबाकी कशी करतात हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्या जुन्या, २००१ च्या नियमात एक गोष्ट होती जी नंतर गेली आणि जिच्याविषयी मला कोणी काही बोलताना दिसले नाही. तेव्हा आसिमारला आपल्या जन्माची किंमत मोजावी लागे. जन्माने जास्त मिळाले म्हणून त्याला एक पायरी आधीच चढलेला धरत आणि सोबत्यांच्या बरोबरीने वर जाण्यासाठी त्याला अधिक अनुभव कमवावा लागे. म्हणजे वारशावर कर होता. पाचव्या आवृत्तीत हा कर उठला. देवदूताचा वारसा आता करमुक्त आहे, आणि हे समतेच्या व सुटसुटीतपणाच्या नावाने झाले.

चौथ्या आवृत्तीत एक वेगळेच प्रकरण घडले, आणि त्यात आपला थेट संबंध येतो. २००९ च्या दुसऱ्या खेळाडू-पुस्तिकेत आसिमारच्या जागी 'देव' नावाचा वंश आला. शब्द आपला, १९८३ पासून हा खेळ तो देवदूतांच्या एका प्रकारासाठी वापरतच होता. हा 'देव' म्हणजे पुण्यवान आत्मा. तो मरतो आणि पुन्हापुन्हा जन्म घेतो, त्याला मागच्या शेकडो जन्मांच्या अंधुक आठवणी असतात. आणि तो पापाकडे वळला तर? तर पुढच्या जन्मी तो राक्षस होतो. राक्षसही आपल्याकडूनच नेलेला, १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये वाघाचे तोंड लावून बसवलेला. अमेरिकन लेखकांनी येथे केवळ नावे उचलली असे म्हणून भागणार नाही. नावांबरोबर सिद्धांतही गेला. जो आज राक्षसयोनीत आहे त्याने मागे काही केलेच असणार, म्हणून त्याला मारताना कोणाचा हात अडखळण्याचे कारण नाही. हा युक्तिवाद किती सोयीचा आहे हे आपण दोन हजार वर्षे पाहत आलो. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माने आजचा जन्म ठरतो या मताला जो नकार दिला, तो सोय नाकारण्यासाठीच होता.

या खेळाच्या चालकांना काहीच जाणीव नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२० साली अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे आंदोलन पेटले असताना प्रकाशक कंपनीने कबूल केले की ऑर्क आणि ड्राऊ यांचे आपले चित्रण खऱ्या जगातल्या माणसांच्या बदनामीची आठवण करून देणारे होते. ऑर्काची वजाबाकी गेली. २०२२ च्या डिसेंबरात 'रेस' हा शब्दच सोडून 'स्पीशीज' घेत असल्याचे जाहीर झाले. तिकडे हा शब्द वंशवादातून सुटका म्हणून आला. आमच्या शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात मात्र 'स्पीशीज'ला प्रतिशब्द आहे 'जाती'. वंश गेला आणि जात आली, असे मी वर्गात म्हणालो तेव्हा पोरे हसली. मी फारसा विनोद केला नव्हता.

२०२४ च्या पुस्तिकेत गुणांची वाढ जन्मावरून काढून पात्राच्या पूर्वायुष्यावर, म्हणजे बहुतांशी त्याच्या धंद्यावर टाकली. असे सोळा प्रकार आहेत. त्यांत शेतकऱ्याला वाढ मिळते ती बळ, चिवटपणा आणि शहाणपण यांत. बुद्धीत नाही. बुद्धीत वाढ हवी तर सरदार हो, पंडित हो, लेखनिक हो. सुरुवातीचे आकडे कोठे मांडायचे हे खेळाडूच्या हाती आहे, तेव्हा हुशार शेतकरी अशक्य नाही; पण शेतीने बुद्धी वाढते हे पुस्तकाला सुचलेले नाही. गंमत अशी की शेतकरी असो वा सरदार, सामान नको असल्यास प्रत्येकाला सारखीच ५० सोन्याची नाणी मिळतात. पैसा समान वाटायला हे लोक तयार झाले, बुद्धी समान वाटायला नाहीत. जन्मावरून नव्हे, गुणकर्मावरून, असे म्हणत चातुर्वर्ण्य परत मांडणारे सुधारक १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांसमोर उभे होते. त्यांना तेथे मिळालेले उत्तर या नव्या नियमालाही लागू पडते.

आणि याच पुस्तिकेत अर्ध-ऑर्क नाही. मिश्र रक्ताचे अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क दोघेही गळले. 'अर्धा' हा शब्द अपमानाचा वाटतो, हे कारण पटण्यासारखे आहे. पण त्याच वेळी अर्धदेवदूत मुख्य यादीत पहिल्यांदा शिरला. 'बायबल'च्या उत्पत्तीमध्ये देवपुत्र आणि मानवकन्या यांच्या संततीची कथा आहे. तीत तो संकर महापुराच्या तोंडाशी येतो, शुभ मानला जात नाही. या खेळाने ती भीती खालच्या रक्तासाठी ठेवली आणि वरच्या रक्ताला माफ केले, असे निदान २०२० पूर्वीच्या पुस्तकांबद्दल तरी म्हणावे लागेल.

तरीही मी या खेळाला सरसकट नकार देत नाही. २०१६ च्या पुस्तकात आसिमारचे तीन पोटभेद होते आणि त्यांतला एक पतित. जन्माने मिळालेले पावित्र्य ज्याच्या अंगावर उलटले, असा. मला त्या तिघांत साहित्याची शक्यता तेवढी त्याच्यात दिसली. रक्षणकर्ता आसिमार हा तर कॅलेंडरावरचा फोटो आहे. २०२४ च्या नियमात हे कायमचे भेद गेले. पंख पसरायचे, तेज पाखडायचे की भय दाखवायचे, हे खेळाडू दर वेळी नव्याने ठरवतो. स्वभाव रक्तातून निघून निवडीत आला. हे मी प्रगती मानतो. शिवाय जन्म यादीतून निवडता येणे, ही या खेळातली सर्वात मोठी कल्पना आहे, देवदूताहून मोठी. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे शिंगवाला टीफलिंग निवडतात ते हौसेने निवडतात. काहींच्या बाबतीत ती बहिष्कृत होण्याची सुटीतली हौस असते, शनिवारी चार तास. पण ज्याला ती हौस करायची गरज नाही असा एक मुलगा आसिमार निवडतो आणि त्याला कातडी कमावणाऱ्या बाईच्या पोटी घालतो, तेव्हा तो नियमाने दिलेली यादी उलटी धरतो.

त्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिले ते असे: पुस्तकात अंश आत्म्यात आहे म्हटले आहे, घराचा पत्ता दिलेला नाही. मठ, राजवाडा, मंदिर हे तुझ्या मित्रांनी आपल्या पदरचे घातले. तू लिही.

पुढच्या शनिवारी मी रिकाम्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांचा खेळ पाहिला. सरदारपुत्राचे पात्र जखमी होऊन पडले होते, दोनच प्राणगुण उरले होते. आमच्या पोराने सांगितले, मी याच्या छातीवर हात ठेवतो. सरदारपुत्र खेळवणारा मुलगा पात्राच्या आवाजात म्हणाला, "आधी विचारा, हा कुठला." सूत्रधाराने टेबलाभोवती पाहिले. यासाठी कोणता फासा टाकायचा हे नियमपुस्तकात नव्हते. आमच्या पोराने चार बाजूंचे दोन फासे उचलले आणि टाकले. तीन आणि चार. "सात," तो म्हणाला, "घ्यायचे तर घे." सरदारपुत्र बराच वेळ आपल्या कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने दोन खोडून नऊ लिहिले.