‘अंगठ्याचा’ आणि ‘अंगठ्याने’ : रहस्यकथेतील शास्त्रीय पुरावा

न्यायसहायक विज्ञानाच्या आधाराने रहस्यकथा अधिक विश्वसनीय होते, हे मत आता सर्वमान्य आहे. तथापि हा आधार नेमका कशात असतो, याचा विचार आपल्या समीक्षेत क्वचितच आढळतो. सूक्ष्मदर्शक, परीक्षानळी आणि एखाद्या विषाचे लांबलचक नाव एवढ्या सामग्रीवर कथा शास्त्रशुद्ध ठरते, अशी समजूत दिसते. कॉनन डॉइलच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये (१८८७) शेरलॉक होम्सचे प्रथम दर्शन प्रयोगशाळेतच घडते. रक्ताचा डाग ओळखणारे द्रव्य सापडल्याच्या हर्षात तो असतो. पुढे साऱ्या कथेत त्या द्रव्याचा उपयोग म्हणून होत नाही. त्याने नायक रंगतो, पुरावा उभा राहत नाही.

ऑस्टिन फ्रीमनची जात निराळी. हा लेखक पेशाने वैद्य. डेप्टफर्डच्या खून-खटल्यात अंगठ्याच्या ठशाचा पुरावा निर्णायक ठरून १९०५ साली दोघे भाऊ फाशी गेले आणि इंग्लंडात या शास्त्राचा दबदबा वाढला. अशा ऐन विजयाच्या काळात, १९०७ साली, फ्रीमनने ‘द रेड थम्ब मार्क’ लिहिली. तिजोरीतून हिरे नाहीसे होतात आणि आत रक्ताने उमटलेल्या ठशाचा कागद सापडतो. पोलिसांच्या लेखी वाद संपला. डॉ. थॉर्नडाइकच्या लेखी तो येथे सुरू होतो. ठसा या अंगठ्याचा आहे, हे मान्य. पण तो या अंगठ्याने उमटविला, हे कशावरून? षष्ठीवरून तृतीयेकडे जाण्याचा पोलिसांना काय अधिकार? सारी कादंबरी या दोन विभक्तींच्या मधल्या जागेत घडते. खरे आणि बनावट ठसे एकत्र ठेवून न्यायालयात तज्ज्ञाची परीक्षा घेतली जाते, तो प्रसंग उपकरणांच्या कितीही वर्णनांपेक्षा अस्सल वाटतो.

ही केवळ व्याकरणाची चिकित्सा नव्हे. २००४ सालच्या माद्रिद येथील रेल्वे-स्फोटांनंतर एफ.बी.आय.ने एका ठशावरून ओरेगनमधील एका वकिलास स्थानबद्ध केले. ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे पुढे स्पॅनिश पोलिसांनी दाखविले आणि एफ.बी.आय.ला क्षमा मागावी लागली. तेथे तर षष्ठीच चुकली होती.

आमच्या रहस्यकथेत प्रयोगशाळेचा अहवाल बहुधा अखेरीस येतो व ‘आहे’ या एका क्रियापदात बोलतो. अनुमान दर्शविणारे ‘असावा’ हे रूप मराठीत असताना ही घाई का व्हावी? ‘डाग मानवी रक्ताचा असावा’ असे म्हणणारा तज्ज्ञ कथेची उत्कंठा कमी करीत नाही. उलटतपासणीला वाव देऊन तो ती वाढवितो. अर्थात मराठी लेखकाची एक अडचण खरी. ‘निशाणी डावा अंगठा’ असे लिहिणाऱ्या, ‘अंगठा उठविणे’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत अवयव आणि त्याचा ठसा यांना शब्द एकच. फ्रीमन मराठीत आणू पाहणाऱ्याने त्या न्यायालयीन प्रसंगात हा शब्द सरसकट वापरला, तर थॉर्नडाइकचा प्रश्न वाचकाला ऐकूच येणार नाही.