मुक्त ज्ञानकोशांतील लेखनारंभ व संशोधकाचा अधिकार

विकिपीडिया हा सर्वांस लेखनाची मोकळीक देणारा ज्ञानकोश इ. स. २००१ च्या १५ जानेवारीस इंग्रजींत सुरू झाला. त्याची मराठी आवृत्ति १ मे २००३ पासून चालू आहे. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशामागें त्यांचें संपादकमंडळ होतें. येथें मात्र कोणीहि वाचक लेखांत फेरफार करूं शकतो. ह्या कोशाविषयीं जुनीं कागदपत्रें जमविणाऱ्या मंडळींत दोन पक्ष संभवतात. एक पक्ष त्यास अनधिकारी लोकांचा बाजार समजून दूर राहतो. दुसरा आपल्या दप्तरांतील अप्रसिद्ध कागद घेऊन उत्साहानें तेथें जातो, आणि आपला मजकूर वगळला गेलेला पाहून रुष्ट होतो. प्रस्तुत लेखकाचे मतें दोन्ही पक्ष कोशाचें प्रयोजन न पाहिल्यामुळें चुकतात.

प्रथम दुसऱ्या पक्षाचा विचार करूं. मूळ संशोधन येथें लिहूं नये. जें लिहावयाचें तें अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या व विश्वसनीय अशा आधारावर लिहावें. आणि मतभेद असल्यास प्रत्येक पक्ष त्याच्या योग्यतेप्रमाणें नमूद करावा, असे ह्या कोशाचे तीन मुख्य नियम आहेत. संस्कृतज्ञांस ह्यांत नवें कांहींच वाटूं नये. निराधार कांहीं लिहावयाचें नाहीं व अप्रस्तुत कांहीं बोलावयाचें नाहीं, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञाच येथें नियमरूपानें आली आहे. टीकाकार जसा स्वतःचें काव्य मध्यें घालीत नाहीं, तसा कोशकारानें स्वतःचा शोध मध्यें घालूं नये.

ह्या नियमाची किंमत मात्र मोजावी लागते, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचेंच उदाहरण घ्या. बखरींच्या आधारानें शके १५४९ हें वर्ष पुष्कळ काळ रूढ होतें. शके १५५१, फाल्गुन वद्य ३ ही तिथि देणारी जेधे शकावली लोकमान्य टिळकांनीं इ. स. १९१६ मध्यें प्रसिद्ध केली, पुढें इ. स. १९२७ मध्यें मुद्रित झालेल्या परमानंदाच्या शिवभारतानें तिला दुजोरा मिळाला. असा कोश इ. स. १९१५ मध्यें असता, तर त्यांत नियमाप्रमाणें जुनेंच वर्ष राहिलें असतें, आणि शकावली हातीं असलेल्या गृहस्थाचें म्हणणें वगळलें गेलें असतें. परंतु हा दोष कोशाचा म्हणावा काय? शकावली छापली गेली, तिची छाननी झाली, प्रतिपक्षानें आक्षेप घेतले, तेव्हांच ती प्रमाणपदवीस चढली. हें काम संशोधन-मंडळाचें व त्रैमासिकाचें आहे. जो कागद आपण पेटींत ठेवतों तो कोशांत नाहीं, अशी तक्रार करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. आधीं तो पाठभेदांसह प्रसिद्ध करावा; मग कोशाचें दार त्यास आपोआप उघडें आहे.

आतां पहिला पक्ष. ह्या कोशांतील प्रत्येक लेखास 'इतिहास' नांवाचें एक पान जोडलेलें असतें. कोणत्या सदस्यानें कोणत्या वेळीं कोणता शब्द घातला वा काढला, तें तेथें क्रमवार पाहावयास मिळतें. पोथीच्या दहा प्रती जुळवून क्षेपक हुडकणाऱ्यास अशी अखंड पाठपरंपरा क्वचितच लाभते. लेखक अनधिकारी असूं शकेल. परंतु त्याचा क्षेपक लपत नाहीं. तो दूर करणारा जाणता मनुष्य तेथें असावा लागतो, आणि जाणते दूर बसतात हीच खरी अडचण आहे.

म्हणून नवीन जाणारानें आरंभ कसा करावा, तें थोडक्यांत सांगतों. सदस्यनांव घेऊन प्रथम 'धूळपाटी'वर हात बसवावा. हें जुन्या शाळेंतलें नांव मराठी आवृत्तीनें सरावाच्या पानास दिलें आहे. नंतर नवा लेख न लिहितां, असलेल्या लेखांत जेथें 'संदर्भ हवा' अशी खूण आहे तेथें ग्रंथाचें नांव, आवृत्ति, वर्ष व पृष्ठांक भरावा. तारीख लिहितांना पद्धति सांगावी: उपर्युक्त तिथीस जुन्या पद्धतीनें १९ फेब्रुवारी १६३० व नव्या पद्धतीनें १ मार्च १६३० येते, हें न जाणणारा मनुष्य एक बरोबर तारीख खोडून दुसरी बरोबर तारीख लिहितो व वाद माजतो. असा वाद चर्चापानावर न्यावा, लेखांत चालवूं नये. आपल्या घराण्याविषयीं व आपल्या संग्रहाविषयीं शक्यतों स्वतः लिहूं नये. आधार दिला तरी दुसऱ्याच्या ग्रंथांतील मजकूर जसाच्या तसा उतरूं नये. आपल्या कायद्यानें ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षें स्वामित्व चालतें. राजवाडे इ. स. १९२६ मध्यें वारले. त्यांचें लेखन आतां सर्वांस मोकळें आहे, आणि असे मुद्रित ग्रंथ संपूर्ण उतरून ठेवण्यासाठीं 'विकिस्रोत' हें वेगळें भांडार आहे.

एक उणीव सांगणें प्राप्त आहे. छापलेली बखर व छापलेलें अस्सल पत्र ह्या दोहोंस तळटीपेंत सारखाच एक आंकडा मिळतो. साधनांचें तारतम्य त्या आंकड्यावरून कळत नाहीं. पत्र समकालीन, बखर उत्तरकालीन, हा विवेक नियम शिकवीत नाहीं; तो लिहिणाराच्या ठायीं असावा लागतो. राजवाड्यांनीं आपल्या साधनांच्या पहिल्याच खंडांत, इ. स. १८९८ मध्यें, बखरींची झडती घेतली. तो विवेक ज्यांनीं अंगीं बाणविला आहे, त्यांनींच तेथें न जावें हें इष्ट नव्हे. शाळेंतील मुलगा आज शिवकालाविषयीं पहिलें वाक्य बहुधा ह्याच कोशांत वाचतो. त्या वाक्याखालीं योग्य साधनाचा पृष्ठांक असणें वा नसणें, हें आपल्या हातीं आहे.