रंगमंदिराची वास्तू आणि नाटकाची संहिता

मराठी नाट्यसमीक्षेने संहितेविषयी जेवढे लिहिले, त्याच्या दशांशही ती संहिता ज्या वास्तूत उभी राहते तिच्याविषयी लिहिलेले नाही. नाट्यगृह आपल्याकडे येते ते नटांच्या आत्मचरित्रांतून, आठवणींचा आणि कौतुकाचा विषय म्हणून. त्यामुळे वास्तू म्हणजे कोणतेही नाटक ओतता येईल असे एक तटस्थ भांडे, ही समजूत न तपासताच रूढ झाली आहे. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर ही ती तपासून पाहण्याची उत्तम जागा आहे.

1962 मध्ये या वास्तूचे भूमिपूजन झाले ते खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते. 15 जुलै 1967 रोजी ते निवर्तले आणि पुढच्या वर्षी 26 जूनला, त्यांच्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत रंगमंदिर खुले झाले. पु. ल. देशपांडे यांचा या प्रकल्पात मोठा वाटा होता. विजयानंद, भानुविलास ही पेठांतली जुनी नाट्यगृहे तोवर चित्रपटगृहे झाली होती. नाटक पेठांतून उठून मुठेच्या पलीकडच्या काठावर, महापालिकेच्या मालकीच्या 989 आसनांच्या इमारतीत आले.

ज्याचे नाव दिले त्याचे नाटक मात्र निराळ्या घडणीचे होते. गंधर्व नाटक मंडळीचा (1913–1934) रंगमंचही कमानीचाच. पण तिथे रंगवलेले पडदे वरखाली होत आणि बैठका लांबत. पद संपले की प्रेक्षागृहातून 'वन्समोअर' येई आणि कथानक थांबून राही. नटाचा उघडा गळा आणि श्रोत्याचा कान यांच्यातला तो करार होता. संगीत नाटकाचा सैल आकृतिबंध हा दोष मानणाऱ्या समीक्षकांनी हा करार लक्षात घेतला नाही, असे मला वाटते. त्या सैलपणाला ऐकणाऱ्याच्या अंतराचे माप होते.

नव्या वास्तूने हे माप बदलले. बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला ध्वनिक्षेपक आला आणि आवाज नटाकडून न येता भिंतीवरून येऊ लागला. त्याहून निर्णायक ठरली ती 'तारीख'. जुन्या मंडळ्या एका गावी मुक्काम ठोकत. इथे एकाच दिवशी सकाळ, दुपार, रात्र अशी तीन सत्रे वेगवेगळ्या संस्थांना मिळतात. नेपथ्य झटपट लागले पाहिजे, तितक्याच झटपट निघाले पाहिजे. दोन अंक, एक मध्यंतर, एक दिवाणखाना हा साचा नाटककारांच्या प्रतिभेच्या मर्यादेतून आला, असे आपण वर्गात शिकवतो (मीही वर्षानुवर्षे शिकवले). त्यातला काही भाग तरी आरक्षणाच्या वहीतून आलेला आहे.

अर्थात वास्तू नाटक ठरवते, असे सरसकट विधान टिकणारे नाही. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यातच, भरत नाट्य मंदिरात झाला; तेही कमानी रंगमंचाचेच नाट्यगृह. तेंडुलकरांनी तिथे ब्राह्मणांची रांग उभी केली. ती गाते, नाचते, झाकते, उघडते. कापडी पडद्याचे काम माणसांकडे गेले आणि झाकणे ही कृतीच नाटकाचा आशय झाली. संहितेने वास्तूचा संकेत मोडला नाही, तो आपल्या अंगावर घेतला. हा झगडा वाचता यावा यासाठी मुळात संकेत कोणता होता हे ठाऊक असावे लागते.

2018 मध्ये पुनर्विकासाचा प्रस्ताव पुढे आल्यापासून वाद चालू आहे. पाडण्याला विरोध करणारे स्मृतीची भाषा बोलतात, समर्थक सोयींची. वास्तू स्मारक म्हणून राखायची तर तिने बालगंधर्वांच्या रंगभूमीचे काय राखले आहे, हे सांगावे लागेल. गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रे, एक पुरुषवेषातले व एक स्त्रीभूमिकेतले, तिथे आहेत. गाण्याचे ते अंतर 1968 मध्येच हरवले होते. आणि नवे बांधायचे तर माझ्या वाचनात आलेल्या चर्चेत सभागृहांची संख्या आहे, वाहनतळ आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचा उघडा आवाज ऐकू यावा की नाही, हा प्रश्न मला अद्याप आढळलेला नाही.